रद्द झालेले आठवडे

सोमवार, १२ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

पत्राच्या सुरुवातीला 'अनेक आशीर्वाद' असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. तुला ते नको असतील तर पाकिटात कोंबून पाठवण्यात अर्थ नाही. तेव्हा नुसतंच प्रिय. भिंगरी मात्र म्हणणार, कारण तुझं शाळेतलं नाव लिहिलं की मला बँकेतल्या कुणा बाईंना अर्ज लिहितोय असं वाटतं.

आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा उजवा गुडघा पुन्हा सुजलाय. डॉक्टरांनी जिना बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हापासून ती दिवसातून दहाऐवजी नऊ वेळा वर जाते आणि 'मी काय त्यांचं ऐकत नाही का' म्हणून मलाच दटावते. तू शिवलेला तिचा निळा कोट कोपरावर विरलाय. गावात शिंपी आहे, पण ती त्याच्याकडे टाकायला तयार नाही. खुंटीवरून काढून तिने तो घडी घालून कपाटात ठेवलाय. कशासाठी ते विचारायची माझी छाती होत नाही.

माझी तब्येत ठणठणीत आहे. चष्म्याचा नंबर वाढला, एवढंच. दर सोमवारी डोंगरावर जातो, आठवडाभर हवा ओढून घेतलेला गोल कागद चिमट्याने काढतो, नवा पांढरा लावतो आणि खाली येतो. तू म्हणायचीस ना, आमचा दादा डोंगरावर बसून हवा गाळतो आणि वर त्याचा पगार घेतो. पत्र्याची तीच खोली आहे, तेच तारेचं कुंपण, तोच घरघरणारा पंप, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा तोच बाण. बाणाला गंज चढलाय, पण फिरतो अजून.

जाता-येता तुमच्या घरावरून जावं लागतं. नवा भाडेकरू आला नाही. शिवणयंत्र ठेवायचीस त्या खिडकीची एक काच फुटलीये, तिथे मी पुठ्ठा लावून आलो. मालकाला कळवलंय.

केंद्राबद्दल एक बातमी आहे. गेल्या महिन्यात मुख्य कार्यालयाकडून प्रशस्तिपत्र आलं, चौकटीसकट. सलग सहाव्या वर्षी सगळ्यात कमी आकडे आपल्या केंद्राचे. शिसं, पारा, जळक्या प्लास्टिकमधून निघणारी आणि अंगात साठून राहणारी ती विषं, सगळं इथे नावालाच. शहरातली हवा किती बिघडली हे ठरवायचं तर ती कशाशी तरी ताडून बघावी लागते, त्यासाठीच तर आपल्यासारखी केंद्रं गावाबाहेर बसवतात. आता सगळे आपल्या आकड्यांशी ताडून बघणार. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. मी ती चौकट खोलीत आणली आणि खिळा सापडेना म्हणून भिंतीला टेकवून ठेवली, तोंड भिंतीकडे करून. खिळे आहेत, भिंगरी. डबा भरून आहेत.

प्रशस्तिपत्र आलं की मागोमाग तपासणी येते. एक तपासनीस बाई आल्यात, वयाने तुझ्याहून लहान, बोलणं मोजकं. त्यांनी सहा वर्षांच्या नोंदवह्या मागितल्या आणि दोन दिवस माझ्याच खुर्चीत बसून कोऱ्या ओळी मोजल्या. एकूण सत्त्याण्णव भरल्या. सत्त्याण्णव आठवडे असे, की जिथे आकडा नाही, नुसतं 'नमुना रद्द'. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, जुनं यंत्र आहे, कधी पंप बिघडतो, कधी वीज जाते. तुलाही मी तसंच सांगितलं होतं, तुला आठवत असेल. जानेवारीतल्या त्या तीन आठवड्यांचं तू विचारलंस तेव्हा. पंप बिघडला होता म्हणून.

बाईंनी ते लिहून घेतलं. तू लिहून घेतलं नव्हतंस, नुसती माझ्याकडे बघत राहिलीस आणि चौथ्या दिवशी सामान भरून निघून गेलीस. स्टँडवर सोडायला येऊ दिलं नाहीस, त्यालाही येत्या नोव्हेंबरात दोन वर्षं होतील.

आपल्या पोरीचं, बटणचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो. ते काही जमलं नाही.

दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील, अक्षर दिसलं की पुरे.

तुझा दादा


सोमवार, २ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

पहिलं पत्र परत आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, परत आलं नाही म्हणजे पोचलं. तेवढ्यावर तीन आठवडे काढले.

आज घरच्या बातम्या नाहीत. वहिनीचा गुडघा तसाच आहे. सरळ सांगायचं ते सांगतो.

तपासनीस बाई गेल्या मंगळवारी परत आल्या. या वेळी त्यांच्याकडे दुरुस्तीचं रजिस्टर होतं. सहा वर्षांत पंप दोनदा दुरुस्त झालाय, दोन्ही वेळा उन्हाळ्यात. वीज खात्याकडूनही त्यांनी माहिती काढली होती. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, आवाज चढवला नाही, आणि विचारलं, "पंप चालू होता ना?"

मी म्हटलं, "होता."

दोन वर्षं घशात अडकलेला शब्द कुणा परक्या बाईसमोर इतक्या सहज निघाला, याची मला लाज वाटली. तो तुझ्यासमोर निघायला हवा होता. पंप चालू होता, भिंगरी. त्या तीनही आठवड्यांत एक दिवस बंद नव्हता.

मग काय झालं ते तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. ठाऊक असेल असं वाटतं. तरी लिहितो, कारण मी ते कुणालाच पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.

आमच्या कामाचं एक पुस्तक आहे, नियमांचं. त्यात लिहिलंय की पार्श्वभूमी केंद्राने लांबून येणारी, सगळीकडे असते ती हवा मोजायची. जवळ कुणी पालापाचोळा पेटवला, कुंपणाला लागून ट्रॅक्टर धूर सोडत उभा राहिला, तर त्या आठवड्याचा कागद खराब झाला असं धरायचं. तो प्रयोगशाळेत पाठवायचा नाही. नोंदवहीत लिहायचं, नमुना रद्द, कारण स्थानिक अडथळा. नियम शहाणपणाचा आहे. वर्षातून दोन-तीनदा लागेल, असं धरून केलेला.

पण डोंगराच्या दक्षिणेला पायथ्याशी भंगाराचं आवार आहे. तिथे तारा जाळतात, वरचं प्लास्टिक जाळून आतलं तांबं काढायला. आवारवाला काही राक्षस नाही, त्याची स्वतःची माणसं तिथेच पत्र्याखाली झोपतात. आठवड्यातून दोनदा-तीनदा पेटवायचं, हा त्याचा धंदा. दक्षिणेचा वारा असला की तो धूर वर चढतो. आधी तुमचं घर, मग माझा पंप. मधे दुसरं काही नाही.

केंद्र बसवलं त्या पहिल्या वर्षी, या सहा वर्षांच्या आधी, मी सगळे कागद पाठवले होते. खरंच पाठवले होते. आकडे वर गेले, तेव्हा साहेबांचा फोन आला. ते ओरडले नाहीत, समजावून सांगितलं. म्हणाले, पार्श्वभूमी केंद्र आहे ते, एका भंगारवाल्याचा धूर मोजायला नाही बसवलेलं. नियम वाचा, असे नमुने रद्द करायचे असतात. मला ते पटलं. पटलं नसतं तर आज निदान साहेबांवर ढकलता आलं असतं. मला वाटलं, आपण इतके दिवस अडाण्यासारखं काम केलं, आता नीट करू.

आणि मी नीट करू लागलो. आधी दिवसभर वाऱ्याची दिशा बघून, धूर डोळ्यांनी बघून मग रद्द करायचो. पुढे कागद काळपट निघाला की रद्द करायला लागलो. मग नुसता बाण दक्षिणेकडे दिसला की कागद न बघताच फॉइलमध्ये गुंडाळून मागच्या डब्यात. शेवटी शेवटी मी चिमटासुद्धा धुवायचा कंटाळा करायचो, कारण फेकायचंच असतं. अशाने केंद्र देशात पहिलं आलं. घाण निघालेले आठवडे काढून टाकले आणि उरलेल्यांची सरासरी काढली, तर कुठलंही केंद्र पहिलं येईल.

याच सरासरीच्या जिवावर मी तुला बोलावलं होतं. तुझा नवरा गेल्यानंतर तू एकटी, बटणला शहरात दम लागायचा, रात्र रात्र उशीला टेकून बसायची. मीच फोनवर म्हटलं होतं, शिवणयंत्र काय कुठेही चालतं, इकडे ये, इथल्यासारखी हवा देशात नाही, मी स्वतः मोजतो. खालचं घर मीच बघून दिलं. आणि तिचा दम खरंच थांबला, हे तुलाही नाकारता येणार नाही. सहा महिन्यांत पोरगी डोंगर पळत चढायला लागली. मी गावभर सांगत सुटलो होतो.

दर सोमवारी शाळा सुटली की ती माझ्याबरोबर वर यायची. दीड वर्षाची असताना तुझ्या डब्यातलं बटण गिळून तिने सगळ्या घराला दोन दिवस कामाला लावलं होतं, ती गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची, आणि बटण कसं सापडलं इथे आली की तिला हसू आवरायचं नाही. एकदा असाच कागद मी डब्यात टाकला. तिने विचारलं, "मामा, तो का टाकलास?"

मी म्हटलं, "त्यात घाण होती."

"पण घाणच मोजायची ना?"

आठ वर्षांची होती. मुख्य कार्यालयातल्या एकाही माणसाने सहा वर्षांत हे विचारलं नाही. मी तिला सांगितलं की ही आपली घाण नाही, शेजारची आहे, आपण लांबून येणारी मोजतो. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, बरं. मोठ्या माणसाचं बोलणं डोक्यावरून गेलं की ती असंच 'बरं' म्हणायची, तुला माहीतच आहे.

डॉक्टरांनी बटणच्या आजारात सांगितलं होतं की रक्ताचं असं दुखणं कशाने होतं ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. धुराने झालं असेल, नसेल. शहरात राहिली असती तरी झालं असतं, कदाचित. या वाक्याला मी दोन वर्षं धरून बसलोय. त्याने झोप लागत नाही, पण दिवस ढकलता येतो. नक्की कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे ते कागद. ते मी फेकले.

अजून एक गोष्ट राहिली आहे, त्या जानेवारीतली. ती आज लिहीत नाही. हात दुखला असं समज.

दादा


सोमवार, २३ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पार्सल गुरुवारी मिळालं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी वरचा कागदही उलटा करून बघितला, मग वहिनीने बघितला. चिठ्ठी नव्हती. वही होती.

दोन दिवस मी ती उघडली नाही. वहिनीने उघडली, चार पानं बघितली आणि माझ्यासमोर ठेवून वर निघून गेली.

बटण असं काही करते हे मला माहीत होतं, पण काय करते ते माहीत नव्हतं. मी कागद बदलत असायचो आणि ती कोपऱ्यात बसून पेन्सिल घासत असायची. मला वाटायचं, चित्रं काढतेय. तुझ्या दोऱ्याच्या मोठ्या रिळाभोवती पेन्सिल फिरवून तिने वर्तुळं काढलीत, एका पानावर चार. बरोबर माझ्या कागदाएवढी. प्रत्येक वर्तुळाखाली तारीख, शेजारी बाण, वारा कुठून होता त्याचा. आणि वर्तुळात कागद जितका काळा, तितकी पेन्सिल दाबलेली. पाठवलेले कागद आहेत, फेकलेलेही आहेत; ते तिने माझी पाठ फिरल्यावर डब्यातून काढून, फॉइल उघडून बघितले असणार. फेकलेल्याखाली तिने लिहिलंय, 'मामाने टाकला'. कुठे 'थोडा काळा', कुठे 'खूप काळा'. एका ठिकाणी 'ही आपली घाण नाही', आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. नंतर काढलेलं असावं, त्याची पेन्सिल वेगळी आहे.

म्हणजे तेव्हा 'बरं' म्हणाली, पण तिला पटलं नव्हतं.

जानेवारीची तीन वर्तुळं एकाखाली एक आहेत. तिसऱ्यात तिने इतकं दाबलंय की कागद फाटून मागच्या पानावर शिसं उमटलंय. तू ते कितीदा बघितलं असशील, भिंगरी. आणि मी तुला पंप बिघडला म्हणून सांगितलं तेव्हा ही वही तुझ्या शिवणाच्या पेटीत होती की नंतर सापडली? ते विचारायचा मला अधिकार नाही. तरी विचारतो, कारण तेव्हा असेल, तर तू माझ्याकडे तसं का बघत होतीस ते आज कळलं. तू मला एक संधी देत होतीस.

आता राहिलेली गोष्ट लिहितो.

त्या जानेवारीत आवारात कुठूनतरी जुन्या केबलींचा मोठा माल आला होता आणि तीन आठवडे आग विझली नव्हती. वारा दक्षिणेचा. दुसऱ्या सोमवारी दुपारी तू केंद्रावर फोन केलास. तू म्हणालीस, "दादा, घरात वास कोंडलाय. बटणचं डोकं दुखतंय तीन दिवस. महिनाभर शहरात जाऊन राहू का?"

मी म्हटलं, "काही गरज नाही. आकडे नेहमीसारखेच आहेत."

तू विश्वास ठेवलास. हवा मोजणारा सख्खा भाऊ असताना माणूस आणखी कुणाला विचारणार?

फोन आला तेव्हा त्या आठवड्याचा कागद माझ्या पायाशी डब्यात होता. टाकून दहा मिनिटं झाली नव्हती. तुला वाटत असेल, मी जाणूनबुजून खोटं बोललो. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान खोटं बोलतोय हे मला ठाऊक असतं. मी नोंदवहीत बघून सांगितलं, भिंगरी. बोट ठेवून बघितलं. शेवटचा भरलेला आकडा डिसेंबरातला होता आणि तो नेहमीसारखाच होता. त्याखालची कोरी ओळ मला दिसली नाही, कारण कोऱ्या ओळी न बघायची माझ्या डोळ्यांना सवय झाली होती. वासही मला येत होता. पण वासाला आकडा नव्हता.

आणि एक कारण आणखी आहे, ते सगळ्यात क्षुद्र. तुम्ही गेला असतात तर महिनाभर सोमवारी मी एकटा वर गेलो असतो. मला ते नको होतं.

एप्रिलमध्ये तिच्या अंगावर ते निळे डाग दिसले.

वही घेऊन मी शनिवारी तपासनीस बाईंकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, फोनसकट. त्यांनी वही टेबलावर ठेवून एकेक पान उलटलं, खूप वेळ. त्यांच्याकडच्या तक्त्यात कोऱ्या ओळींच्या तारखा होत्या, त्या वर्तुळांशी लावून बघितल्या. बटण इथे होती त्या काळातले सगळे रद्द आठवडे वहीत आहेत, एकही चुकलेला नाही. बाई म्हणाल्या, नोंदी इतक्या नीट ठेवणारी माणसं त्यांच्या खात्यात दोन-चारच असतील. मी विचारलं, हे धरता येईल का? त्यांनी मान हलवली. "पेन्सिलीचा काळेपणा म्हणजे मोजमाप नाही हो. मला कळतंय, पण मला ते कुठल्या रकान्यात लिहू?"

त्यांचा अहवाल त्याआधीच गेला होता, पंप चालू होता आणि नमुने धुरामुळे रद्द केले हा माझा जबाब जोडून. मला नोकरीवरून काढतील असं वाटत होतं, खरं तर मी त्याची वाट बघत होतो. आज सकाळी उत्तर आलं. बाईंनी मला वाचायला दिलं. दीड पान आहे. नमुने नियमानुसार रद्द झाले आहेत, कर्मचाऱ्याने पुस्तकातल्या सूचना काटेकोरपणे पाळल्या आहेत, सबब कोणाचाही दोष दिसून येत नाही. फक्त कोऱ्या ओळी इतक्या असणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांच्या जागी उरलेल्या आठवड्यांची सरासरी भरावी.

ते कामही झालंय. बाईंना नको होतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण वरून संगणकावरच परस्पर झालं. मी पडद्यावर जानेवारी काढून बघितला. तीनही आठवड्यांसमोर आकडे आहेत. छोटे, नीटनेटके, नेहमीसारखे. त्या तीन आठवड्यांत तुमच्या खिडकीवरून गेलेली हवा देशात सगळ्यात स्वच्छ होती, असं आता लिहिलं गेलंय, आणि पुढे जे कोणी बघतील ते हेच बघतील. फोनवर मी तुला जे सांगितलं, ते त्यांनी खरं करून टाकलं.

घरी येताना तुमच्या पायरीवर बसलो. उठवेना. मला रडायलाही आलं नाही, नुसता राग येत होता आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. साहेबांनी नियम सांगितला, तो नियम बरोबर आहे. आवारवाला पोट भरतोय. बाईंनी करायचं ते केलं. मीही पुस्तकात लिहिलंय तसंच केलं, तसा कागद आहे माझ्याजवळ, सहीशिक्क्याचा. एवढे सगळे बरोबर आणि पोरगी गेली. मला शिक्षा नको असं मी कधी म्हटलं नाही. पण ती द्यायला जगात कुणीच उरलेलं नाही, एक तू सोडून. म्हणून तुझ्याकडे मागतो. माफी मागत नाही, ती देऊ नकोस. तुझ्या हाताने एकदा लिहून पाठव की दादा, चूक तुझी होती. मुख्य कार्यालय काही म्हणो, मी तेवढंच खरं धरीन.

राजीनामा टपालपेटीत टाकला. पुढच्या सोमवारपासून दुसरं कोणी जाईल. त्याला मी काय सांगणार? नियमांचं पुस्तक देईन, चिमटा कुठे आहे ते दाखवीन.

वही परत पाठवतोय, ती तुझ्याकडेच हवी. एक सांगायचं राहिलं. बटणने वर्तुळं आधीच काढून ठेवली होती, डिसेंबरअखेरपर्यंतची, तारखा घालून. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारपर्यंत रंगवलेली आहेत. पुढची कोरी आहेत, छत्तीस. ती दवाखान्यात होती आणि मी दर सोमवारी वर जातच होतो. ती गेली त्या आठवड्यातसुद्धा गेलो. त्या छत्तिसातले बरेच कागद मी रद्द केले, बाण दक्षिणेकडे होता म्हणून.

काल पेन्सिल घेऊन बसलो होतो. म्हटलं, तेवढं तरी तिचं काम पुरं करावं. एकही वर्तुळ भरता आलं नाही. ते कागद किती काळे होते मला माहीत नाही, भिंगरी. मी बघितलेच नव्हते.

बटणचा मामा